‘फार व्यक्तिगत’ म्हणून बाजूला ठेवलेली चित्रं

"चित्रं छान आहेत, पण फार व्यक्तिगत आहेत हो."

बाईने काढलेल्या चित्रांसमोर उभं राहून म्हटलं जाणारं हे वाक्य मी गॅलऱ्यांमध्ये, चर्चासत्रांमध्ये आणि इथे फेसबुकवरही इतक्या वेळा ऐकलं-वाचलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. उलट कौतुकच असतं. आठवणी, आजोळ, स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारं झाड, आई. हळवं, सुंदर. आणि मग ‘पण’. त्या ‘पण’च्या पलीकडे जे असतं त्याला इतिहास म्हणतात, आणि तिथे यांना जागा नसते.

गंमत बघा. वासुदेव गायतोंडे आयुष्यभर आतल्या शांततेचा शोध घेत रंगवत राहिले, तर आपण त्याला आध्यात्मिक म्हणतो, वैश्विक म्हणतो. (माझेही ते अत्यंत आवडते चित्रकार आहेत, तेव्हा भांडण त्यांच्याशी नाही.) त्यांच्याच शेजारी, वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, त्याच स्टुडिओत एक मुलगी काम करायची. गोव्यातल्या बांदोड्यात जन्मलेली, जे. जे. मधून १९५५ साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेली प्रफुल्ला जोशी. म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर. त्यांनीही क्षितिज, पाणी, अवकाश हेच आयुष्यभर रंगवलं आणि त्या चित्रांना ‘माइंडस्केप’ म्हटलं. मनातला भूप्रदेश. समोरचा निसर्ग नाही, तो पाहून झाल्यावर मनात जे उरतं ते. आज मुंबईच्या कलाजगतात त्यांचं नाव निघालं की आधी बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्टिस्ट्स सेंटर, नव्या चित्रकारांना केलेली मदत हे सगळं आठवतं. ते खरंच मोठं काम होतं. पण चित्रांबद्दल बोलायला लोक वाक्याच्या शेवटी येतात, आले तर.

आता थोडी मोजदाद करू. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. संस्थापक सहा, बायका शून्य. १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे गाजलेलं प्रदर्शन मुंबईत जहांगीरला आणि दिल्लीत झालं. माणसांच्या गोष्टी सांगणारी चित्रं परत आणणारं प्रदर्शन म्हणून कलेतिहासात त्याला मोठा मान आहे. जोगेन चौधरी, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन आणि नलिनी मलानी. सहांत एक. चौतीस वर्षांत शून्यावरून एकावर आलो.

मधल्या काळात कुणी नव्हतंच का? तर होतं. प्रोग्रेसिव्हांच्या १९५३ च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या एका तरुणीची चित्रं होती: भानुमती राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार, बाबूराव पेंटरांबरोबर काम केलेले. जे. जे. ची सुवर्णपदक विजेती. पुढे मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता त्या सिनेमात गेल्या, आणि १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर घेणाऱ्या भानू अथैया म्हणून आपल्याला माहीत झाल्या. ऑस्कर मिळाला म्हणून निदान नाव राहिलं. २०२० साली त्या गेल्या, आणि त्याच वर्षीच्या अखेरीस त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की अरे, या चित्रकारही होत्या! अंबिका धुरंधर यांचंही असंच. रावबहादूर धुरंधरांची मुलगी, जे. जे. ची पदविकाधारक, नव्वदी ओलांडून जगल्या. आठवणींचं पुस्तक लिहिलं, ‘माझी स्मरणचित्रे’. आपण मात्र ते वाचायला घेतो वडिलांबद्दल काय लिहिलंय ते बघायला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे १९७९.

त्या वर्षी नलिनी मलानी न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे ए. आय. आर. नावाची गॅलरी होती, बायकांनीच सहकारी तत्त्वावर चालवलेली. तिथे नॅन्सी स्पेरो, मे स्टीव्हन्स, आना मेंडिएटा यांची गाठ पडली. गॅलरीवाला कधी बोलावतो याची वाट बघत न बसता स्वतः भिंत मिळवायची, स्वतः मांडायचं, हा विचार घेऊन मलानी परत आल्या. इकडे तेच वर्ष मथुरा प्रकरणाचं. आपल्या गडचिरोली भागातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीतली घटना, १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र. त्या चौघांत वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावं होती. १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, संघटना उभ्या राहिल्या. स्टुडिओ आणि मोर्चा या दोन गोष्टी आपण फार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण शहर एकच होतं.

कल्पना प्रत्यक्षात यायला आठ वर्षं लागली. १९८७ ते १९८९ या काळात ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन देशात पाच ठिकाणी फिरलं, सगळी बिगर-व्यापारी ठिकाणं. चित्रकार चौघी: नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख, अर्पिता सिंग. चौघींची चित्रं एकमेकींसारखी अजिबात नव्हती, आणि तसा आग्रहही नव्हता. त्या काळात चौघींच्याही कामात कागद आणि पाण्यातले रंग यांना मोठं स्थान होतं, हे मात्र मला फार बोलकं वाटतं. जलरंगाला आपल्याकडे तैलरंगाचा धाकटा भाऊ समजतात. कॅनव्हासवरचं मोठं तैलचित्र म्हणजे ‘खरं’ काम. पण कागद गुंडाळून नेता येतो, जेवणाच्या टेबलावर मांडता येतो, मूल उठलं की बाजूला ठेवता येतो. तैलरंगाला खोली लागते, वास सहन करणारी माणसं लागतात, वाळायला दिवस लागतात. माध्यम निवडण्यामागे सौंदर्यदृष्टी असते हे खरंच, पण घरात जागा किती आणि वेळ कुणाचा, हेही असतं.

चौघींपैकी माधवीबेनची गोष्ट सगळ्यात वेगळी. गुजरातमधल्या संजाया या खेड्यात १९४२ चा जन्म, वडील शाळामास्तर. कलाशिक्षण शून्य. नवरा मनू पारेख जे. जे. मध्ये शिकलेला चित्रकार. १९६४ च्या सुमारास, पहिल्या वेळी दिवस गेलेले असताना, त्यांनी चित्र काढायला सुरुवात केली. नवऱ्याने पॉल क्लेचं रेखाटनाचं पुस्तक हातात दिलं. क्लेच्या त्रिकोण-चौकोनांतून माधवीबेनना दिसली अंगणातली रांगोळी, गावातले देव, जनावरं, जत्रा. मुंबई, कोलकाता, दिल्ली अशा शहरांत राहून त्या गाव रंगवत राहिल्या. काही समीक्षकांनी याला ‘लोककला’ म्हणून टाकलं, ते मला पटत नाही. लोककलेत परंपरा ठरवते आकृती कशी असावी. इथे एक बाई शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून आठवणीतून स्वतःच्या आकृत्या घडवतेय. गाव सोडलेल्या माणसाचं गाव आहे ते. मुंबईतल्या कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता नीलिमा शेख. इथे मी जरा थांबणार आहे.

१९४५ चा जन्म, दिल्लीचा. आधी इतिहास शिकल्या, मग बडोद्याला चित्रकला, के. जी. सुब्रह्मण्यन यांच्या हाताखाली. १९८४ मध्ये त्यांनी बारा छोट्या चित्रांची मालिका केली, ‘व्हेन चंपा ग्रू अप’. चंपा मोठी झाली तेव्हा. त्यांच्या ओळखीतली एक मुलगी होती. लहान वयात लग्न झालं आणि हुंड्यासाठी जाळून मारली गेली. चित्रं लघुचित्रशैलीतल्यासारखी, टेम्परामध्ये, हातात धरून बघावीत एवढ्या आकाराची. पहिल्या चित्रांत बागडणारी मुलगी. मग लग्न. मग सासरचं घर, स्वयंपाकघर. मग आग. मग रडणाऱ्या बायका.

मी ही मालिका छापील रूपातच पाहिलीय. तरी ती बघताना पहिल्यांदा फसगत होते. रंग कोवळे, रेषा नाजूक, पहाडी चित्रांत राधा-कृष्ण असतात तसं सगळं गोड. त्या गोडव्यात डोळा शिरतो, आणि आठव्या-नवव्या कागदापर्यंत आपण कुठे येऊन पोचलोय हे कळतं तेव्हा मागे फिरता येत नाही.

आता त्या काळातली मराठी वर्तमानपत्रं आठवा. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ आतल्या पानावर, चार ओळी. माझ्या पिढीच्या लोकांनी हे शीर्षक इतक्यांदा वाचलंय की आम्हाला ते हवामानाच्या बातमीसारखं झालं होतं. भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या किंवा नणंदेच्या का नाही, हा प्रश्न मोर्च्यांमधल्या बायकांनी विचारला. १९८३ मध्ये दंड संहितेत कलम ४९८-अ आलं. १९८६ मध्ये ३०४-ब आलं आणि ‘हुंडाबळी’ हा स्वतंत्र गुन्हा झाला. चंपा या दोन कलमांच्या बरोबर मधली आहे. चार ओळींच्या बातमीला बालपण नसतं. नीलिमाताईंनी ते परत दिलं. बारा कागद घेऊन एका मुलीला आधी जगू दिलं, आणि मगच मरताना दाखवलं.

याला ‘व्यक्तिगत’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी याला त्या दशकाचा दस्तावेज म्हणतो.

त्यांचं दुसरं मोठं काम काश्मीरचं. लहानपणी सुट्टीत कुटुंबाबरोबर काश्मीरला जाणं व्हायचं. ही आठवण पन्नाशीनंतर वर आली, तोवर काश्मीरचं काय झालं होतं ते आपल्याला माहीत आहे. आगा शाहिद अली यांच्या कवितेतून घेतलेल्या नावाने २००३ पासून सात-आठ वर्षं त्या मोठमोठे लोंबते पट रंगवत होत्या, एकूण नऊ. २०१० मध्ये मुंबईत केमोल्डला ते दाखवले गेले, २०१४ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. पटाच्या पुढच्या बाजूला डोंगर, चिनार, पळणारी माणसं, शोक करणाऱ्या बायका, आणि पाठीमागे मजकूर: कल्हणाच्या राजतरंगिणीपासून लल्लेश्वरीपर्यंत आणि आजच्या लेखकांपर्यंत. नक्षीसाठी मथुरेच्या साँझी कारागिरांनी कापलेल्या कागदी जाळ्या वापरल्या आहेत. कृष्णाच्या देवळासाठी जाळ्या कापणारे हात, आणि चित्र काश्मीरचं. काश्मीरवर आपण इथे रोज एकमेकांना ब्लॉक करतो. दोन्ही बाजूंच्या शोकाला एका कापडावर जागा देणारी ही चित्रं मुंबईत होती तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी पाहिली?

नलिनीताईंकडे परत येऊ. १९४६, कराची. फाळणीत कुटुंब विस्थापित, आधी कोलकाता, मग मुंबई. जे. जे. त शिकत असताना भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ. पुढे अनेक वर्षं त्यांचा स्टुडिओ होता लोहार चाळीत. क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ, जिथे आपण वायर, स्विच आणि दिवाळीच्या माळा आणायला जातो तीच. हातगाड्या, हमाल, वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं, गॅलरीतून खाली बघणाऱ्या बायका. याच गल्लीची माणसं त्यांच्या जलरंगांत आली. स्मृती म्हटली की आपल्याला जुनं आणि दूरचं आठवतं. त्यांच्याकडे ती रोज जिना उतरताना दिसणारी आहे.

१९९२ मध्ये त्यांनी केमोल्डच्या भिंतींवर थेट चित्र काढलं, ‘सिटी ऑफ डिझायर्स’. तेव्हा केमोल्ड जहांगीरच्या वरच्या मजल्यावर होती. नाथद्वाराची जुनी भित्तिचित्रं हेळसांडीने नष्ट होत होती, त्याचा हा निषेध. मुदत संपल्यावर भिंत पुन्हा पांढरी केली. विकायला काही उरलं नाही, घरी न्यायलाही नाही. वर्षाच्या शेवटी अयोध्या, आणि मग आपल्या शहरात डिसेंबर आणि जानेवारी. त्यानंतर १९९३ मध्ये दिल्लीत अर्पिता सिंग यांनी ‘माय मदर’ रंगवलं. समोर म्हातारी आई, मागे हिंसेने विस्कटलेला रस्ता. आईचं व्यक्तिचित्र म्हणून ते बघता येतच नाही, मागचा रस्ता बघू देत नाही. आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर मलानींनी मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’वर काम केलं. लोखंडी ट्रंका, त्यांच्यात टीव्हीचे पडदे. कराचीहून आलेल्या मुलीने ट्रंकच निवडावी यात नवल नाही. फाळणीतल्या किती घरांत ती ट्रंक अजून असेल!

ट्रंकेवरून झरीना हाश्मी आठवतात. त्या चित्रकार नव्हेत, लाकडी ठशांची छापचित्रं करणाऱ्या, पण त्यांना वगळून हा विषय होत नाही. अलिगढला जन्म, गणिताची पदवी, मग बँकॉक, पॅरिस, शेवटी न्यूयॉर्क. बहीण कराचीला. १९९९ मध्ये त्यांनी ३६ छापचित्रांचा संच केला, त्यात घराशी जोडलेले उर्दू शब्द, एकेका शब्दाला एक आकृती. दार, उंबरठा, भिंत. २००१ मध्ये एकच रेषा: भारत-पाकिस्तान सीमा. त्या रेषेसमोर उभं राहिलं की समजतं, एखाद्या बाईला आपल्या बहिणीच्या घराचा नकाशा काढायचा असेल तर मध्ये रॅडक्लिफ येतोच.

आणि नसरीन मोहमदी.

त्याही १९३७ च्या, त्याही कराचीच्या. लहानपणी आई गेली. कुटुंब मुंबईला आलं. लंडन, पॅरिस, भुलाभाई इन्स्टिट्यूट, गायतोंड्यांचा सहवास, आणि १९७२ पासून बडोद्यात शिकवणं. सुरुवातीची चित्रं पाहिली तर पाणी, झाडाच्या फांद्या, धुकं ओळखू येतं. मग हळूहळू सगळं गळत गेलं आणि रेषा उरली. शाई, पेन्सिल, पट्टी, ड्राफ्ट्समनची साधनं. बडोद्याच्या जवळजवळ रिकाम्या खोलीत, जमिनीवर बसून, बैठ्या टेबलावर. चित्रांना नाव नाही, तारीख नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंग वाटावं इतकं काटेकोर, आणि तरी बघत राहिलं की वाळूवरून लाट मागे गेल्यावर उरलेल्या रेघा दिसायला लागतात.

हा माझा कल्पनाविलास नाही. त्या फोटो काढायच्या: समुद्रकिनारा, वाळवंट, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, रस्त्यावरचे पट्टे. हयातीत त्यांनी हे फोटो प्रदर्शनात मांडले नाहीत. ते बाहेर आल्यावर लोकांना कळलं की ज्याला आपण शुद्ध भूमिती म्हणत होतो तिचं मूळ भूप्रदेशात होतं. डायऱ्याही सापडल्या. त्यांच्या पानांवर दिवसांच्या नोंदी आहेत आणि नोंदी खोडून केलेले पट्टेही आहेत. शेवटच्या दशकात मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर ऐकेनासं झालं. हात थरथरायचा, आणि रेषा मात्र कागदावर सरळ. हे कसं जमलं यावर चित्रकार मंडळी अजून बोलतात.

१९९० मध्ये त्या गेल्या, अलिबागजवळच्या किहीमला. कुटुंबाचं घर होतं तिथे. किहीम म्हटलं की आपल्याला सलीम अली आठवतात, १९३० मध्ये तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला म्हणून. त्याच किनाऱ्याशी विसाव्या शतकातल्या जगातल्या एका मोठ्या रेखाचित्रकर्तीचं नातं आहे, हे मांडव्याची बोट पकडून शनिवार-रविवारी तिथे जाणाऱ्या किती मुंबईकरांना ठाऊक असतं कोण जाणे. २०१५ मध्ये माद्रिदच्या रेना सोफियाने त्यांचं सिंहावलोकन भरवलं. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने नवी शाखा उघडली, मेट ब्रॉयर, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांत एक नसरीन यांचं होतं.

"पण आता तर यांना बाजारात कोटींनी किंमत आहे," असं कुणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. हो, आहे. अर्पिता सिंग यांचं सोळा भागांचं ‘विश ड्रीम’ २०१० साली लिलावात साडेनऊ कोटींच्या वर गेलं. २०२३ मध्ये अमृता शेरगिल यांच्या चित्राला जवळपास ६२ कोटी मिळाले. पण लिलाव म्हणजे इतिहास नव्हे. शेरगिल १९४१ मध्ये गेल्या, नसरीन १९९० मध्ये. जिवंतपणी किती चित्रं विकली गेली, कुणी लिहिलं, कुठल्या अभ्यासक्रमात आली, हे प्रश्न आकड्यांनी सुटत नाहीत. जे. जे. १८५७ मध्ये सुरू झालं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये. आधुनिक भारतीय चित्रकलेचा केवढा तरी भाग या शहरात घडला. तरी या चित्रकर्तींबद्दल काही वाचायचं असेल तर मला इंग्रजी कॅटलॉग उघडावे लागतात, आणि ते तीन-चार हजारांच्या खाली मिळत नाहीत.

पोस्ट लांबली, इलाज नव्हता. एक काम मात्र करा. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी एखादी आत्या, मावशी, काकू असेल जी एके काळी जे. जे. ला किंवा कोल्हापूर, पुणे, नागपूर, पणजीच्या कलाशाळेत शिकली आणि पुढे ‘संसारामुळे राहून गेलं’ असं म्हणते, तर माळ्यावरचा तिचा फोल्डर खाली काढा. वाळवी लागायच्या आत प्रत्येक कागदाचा फोटो घ्या, आणि तिला विचारून मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहा. पेन्सिलीनेच. बॉलपेनची शाई कागदातून पुढे उमटते.